टोकाकडून मुळाकडे

मुलीचे केस कसे विंचरायचे हे कुणाला मुद्दाम शिकवावे लागते, असे बहुतेक घरांना वाटत नाही. आजीने आईचे विंचरले, आईने लेकीचे विंचरले. गुंता कुठे धरायचा, तेल किती चोळायचे, वेणीला किती ओढ द्यायची, हे हाताला आपसूक कळत जाते. ते कळते, कारण विंचरणारीचे केस आणि जिचे विंचरायचे तिचे केस सहसा एकाच वळणाचे असतात. ज्या घरात आई आयरिश आणि वडील जमैकन, किंवा आई तमिळ आणि वडील नायजेरियन, त्या घरात ही साखळी पहिल्याच कडीला तुटते. मुलाच्या डोक्यावर जे उगवते ते आईच्या हाताने पूर्वी कधी धरलेले नसते, आणि वडिलांकडच्या ज्या आजीला किंवा आत्याला ते माहीत असते ती बऱ्याचदा दुसऱ्या गावात, दुसऱ्या देशात असते. मिश्रवंशीय मुलांच्या कुरळ्या केसांविषयी ब्रिटन-अमेरिकेत गेली काही दशके जी चर्चा चालू आहे, ती वरवर पाहता शाम्पू, कंडिशनर आणि कंगव्यांची वाटते. तिच्या मुळाशी मला दिसते ती हातातून हातात जाणारी जाण मध्येच खंडित झाल्याची गोष्ट. ती जाण पुन्हा जोडून देण्याचे काम एकट्या आईच्या अंगावर टाकणे अन्यायाचे आहे, आणि त्यातून मुलांचे नुकसानही होते, असे माझे म्हणणे आहे. शाळा, केशकर्तनालये, दत्तकविधान करणाऱ्या संस्था या सगळ्यांचा त्यात वाटा असला पाहिजे.

हा मूठभर घरांचा प्रश्न उरलेला नाही. अमेरिकेत वेगवेगळ्या वंशांच्या व्यक्तींनी एकमेकांशी लग्न करणे १९६७ पर्यंत १६ राज्यांत गुन्हा होता. त्या वर्षी लव्हिंग विरुद्ध व्हर्जिनिया या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते कायदे रद्द केले. एकाहून अधिक वंश नोंदवण्याची मुभा तिथल्या जनगणनेत मिळायला २००० साल उजाडले, आणि तेव्हा सुमारे ६८ लाख लोकांनी ती घेतली. २०२० मध्ये हा आकडा ३ कोटी ३८ लाखांवर गेला. या वाढीतला बराच भाग मोजण्याची पद्धत बदलल्यामुळे आला, हे मान्य केले तरी कल स्पष्ट आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये मिश्र वंशाचा रकाना २००१ मध्ये प्रथम आला. २०२१ मध्ये त्यात सुमारे १७ लाख माणसे होती. या सगळ्यांचे केस कुरळे नसतात, हे उघड आहे. पण आफ्रिकी वंशाचा धागा ज्यांच्यात आहे अशी मुले यात मोठ्या संख्येने आहेत, आणि त्यांतल्या अनेकांचे संगोपन जिच्या हातात आहे तिचे स्वतःचे केस सरळ आहेत.

आता एक केस हातात घेऊन जवळून पाहू. सरळ केस ज्या मुळातून येतो ते मूळ त्वचेखाली जवळजवळ सरळ असते. घट्ट कुरळ्या केसाचे मूळ त्वचेखालीच वळलेले असते, म्हणून केस बाहेर पडतानाच वळण घेऊन येतो. आडवा छेद घेतला तर सरळ केस गोलसर दिसतो, कुरळा केस चपटा, लंबगोल दिसतो. दोन्ही केराटिनचेच बनलेले आहेत, घटकांत फरक नाही; फरक आहे तो घडणीत. या घडणीचे परिणाम मात्र रोजच्या व्यवहारात फार मोठे आहेत. टाळूतून झिरपणारा नैसर्गिक तेलकटपणा सरळ केसावरून घसरत टोकापर्यंत जातो. मळसूत्रासारख्या केसावरून तो खाली पोचतच नाही, म्हणून मुळाशी तेल आणि टोकाला कोरड अशी स्थिती होते. केस जिथे जिथे पिळा घेतो तिथे तो बारीक होतो, त्याच्यावरची खवल्यांची परत तिथे उचलली जाते, आणि ओढ बसली की तो नेमका तिथेच तुटतो. शिवाय एका केसाचे वेटोळे शेजारच्या केसाच्या वेटोळ्यात अडकते. दिसायला दाट, राकट वाटणारे हे केस प्रत्यक्षात सगळ्यांत नाजूक असतात. ओले असताना खांद्यापर्यंत येणारे केस वाळले की आखडून कानाशी येतात, म्हणून "हिचे केस वाढतच नाहीत" हा समज पसरतो. ते वाढत असतात, पण आखडलेले दिसतात, आणि चुकीच्या निगेमुळे टोकाशी तुटतही असतात.

ही घडण लक्षात घेतली की सरळ केसांच्या घरातल्या चांगल्या सवयी इथे वाईट का ठरतात ते कळते. युरोपीय घरात मुलाचे डोके वरचेवर शाम्पूने धुणे म्हणजे स्वच्छता. या केसांतली आधीच तुटपुंजी असलेली स्निग्धता त्याने पार निघून जाते. अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञांची संघटना कृष्णवर्णीयांच्या केसांसाठी आठवड्यातून एकदा किंवा पंधरवड्यातून एकदा धुणे पुरे असे सांगते. सकाळी शाळेत जाण्यापूर्वी कोरड्या केसांतून वरून खाली ब्रश फिरवणे म्हणजे टापटीप. इथे त्याच ब्रशने अर्ध्या मिनिटात गाठी घट्ट होतात, केस तुटतात आणि मूल रडते. ज्यांना हे केस माहीत आहेत त्यांच्या घरी धुण्याचा दिवस वेगळा राखून ठेवलेला असतो. केस पाण्याने पूर्ण ओले करायचे, कंडिशनर भरपूर लावायचे, डोक्याचे चार किंवा सहा भाग पाडून एकेक भाग चापाने बाजूला धरायचा. मग एक भाग सोडून बोटांनीच आधी मोठ्या गाठी मोकळ्या करायच्या. त्यानंतर रुंद दातांचा कंगवा घेऊन शेवटच्या दोन बोटे लांबीपासून सुरुवात करायची, ती मोकळी झाली की जरा वर, मग आणखी वर, आणि मूळ गाठायचे ते सगळ्यांत शेवटी. दुसऱ्या हाताने ती बट मुळापाशी धरून ठेवायची, म्हणजे ओढ टाळूला लागत नाही. कंडिशनर धुऊन झाले की केस दमट असतानाच ओलावा टिकवणारे मलम लावायचे, सैल पीळ किंवा वेण्या घालायच्या, आणि टॉवेलने खसाखसा न पुसता जुन्या सुती कापडाने टिपायचे. रात्री सुती उशी ओलावा शोषते म्हणून उशीला सॅटिनचा अभ्रा घालतात. मोठी मुले सॅटिनची टोपी घालतात, पण तान्ह्या बाळाला झोपताना डोक्यावर काहीही बांधणे धोक्याचे आहे. यात अवघड असे काही नाही. वेळ लागतो, दोन तास, कधी तीन. आणि क्रम चुकला तर तेच दोन तास मुलाच्या दृष्टीने शिक्षा होतात.

तेलाविषयी मराठी वाचकाच्या मनात लगेच प्रश्न येईल, आणि तो रास्त आहे. आपल्याकडे केसांच्या प्रत्येक दुखण्यावर खोबरेल तेल हे पहिले उत्तर असते. या उत्तराला शास्त्राचा आधारही आहे, आणि तो मुंबईतूनच मिळालेला आहे : मॅरिको कंपनीच्या संशोधन विभागातील आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती. केसांतून होणारा प्रथिनांचा ऱ्हास खोबरेल तेलाने कमी होतो, धुण्याआधी लावले तरी आणि नंतर लावले तरी, बाकीच्या दोघांनी होत नाही, असे त्यांना आढळले. खोबरेलातले लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरू शकते, हे त्याचे कारण त्यांनी दिले. तेव्हा आजीचे म्हणणे खोटे नाही. पण तेल म्हणजे ओलावा नव्हे. तेल आत असलेले पाणी अडवून धरते. आत पाणीच नसेल तर कोरडेपणावर झाकण बसते, एवढेच. सरळ केसांना टाळूचे स्वतःचे तेल मिळत असते, म्हणून आपल्याला हा फरक कधी जाणवला नाही. कुरळ्या केसांत आधी पाणी, मग मलम, मग तेल असा क्रम लागतो. आणि तेल टाळूवर थापण्यापेक्षा केसांच्या लांबीला आणि टोकांना लावायचे, कारण तेलाची गरज तिथे आहे. तेल चोपडून घट्ट दोन वेण्या घालण्याची जी आपली शाळकरी शिस्त आहे ती तर इथे मुळीच चालत नाही. सतत ओढ बसल्याने कपाळाकडचे आणि कानांजवळचे केस कायमचे जाऊ शकतात. १९०७ मध्ये ग्रीनलंडमधल्या मुलींत घट्ट बांधलेल्या केसांमुळे अशी गळती झाल्याची नोंद प्रथम झाली. म्हणजे हा धोका कुठल्या एका वंशाचा नाही, ओढीचा आहे. केस जितका नाजूक तितकी तीच ओढ अधिक भोवते.

मग आफ्रिकी केसांचे नियम शिकले की काम झाले का? नाही. मिश्रवंशीय मुलांच्या बाबतीत सर्वांत जास्त फसगत इथे होते. केसांचे वळण एका जनुकावर ठरत नाही. अनेक जनुके थोडा थोडा हातभार लावतात, म्हणून आईचे निम्मे आणि वडिलांचे निम्मे असा हिशेब इथे जमत नाही. एकाच आईबापांच्या दोन बहिणींत एकीचे केस लाटांसारखे आणि दुसरीचे स्प्रिंगसारखे असू शकतात. एकाच डोक्यावर मानेजवळचे केस घट्ट, माथ्यावरचे सैल आणि कपाळाकडचे जवळजवळ सरळ असतात. जन्मतः मऊ सरळ जावळ असलेल्या बाळाचे केस दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी वळू लागतात, आणि वयात येताना पुन्हा बदलतात. ओप्रा विन्फ्रीचे केशरचनाकार आंद्रे वॉकर यांनी १९९७ मध्ये आपल्या पुस्तकात केसांचे सरळपासून घट्ट कुरळ्यापर्यंत चार प्रकार मांडले. पुढे लोकांनी ते, अ, ब, क अशा उपप्रकारांसह, उचलून धरले, आणि आज बाटलीवरही ते छापलेले दिसतात. बोलण्याची सोय म्हणून ते ठीक आहेत, पण त्यांत वळण तेवढे मोजले जाते. केस बारीक आहे की जाड, दाट आहे की विरळ, पाणी चटकन पितो की अडवतो, हे त्यांत कुठेच येत नाही, आणि निगा तर त्यावरच ठरते. २००७ मध्ये लोरेआलच्या संशोधकांनी जगभरातल्या केसांचे मोजमाप करून आठ गट केले तेही वंशाचे नाव न घेता, फक्त वळणावरून. ही दिशा मला बरोबर वाटते. वंश सांगतो की कोणाकडून शिकायला सुरुवात करावी. पुढचे त्या मुलाचे केसच सांगतात, आणि ते बोटांनी वाचावे लागतात.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो गंभीर आहे : केसांचा वंशाशी संबंध लावायचा नसेल, तर हा सगळा प्रश्न सौंदर्यप्रसाधनांचाच नव्हे काय? त्याला एवढे महत्त्व कशाला? उत्तर इतिहासात आहे. केसांचा वंशाशी संबंध या मुलांच्या घरच्यांनी लावलेला नाही, तो राज्यसत्तेने लावला. १७८६ मध्ये लुइझियानाचा स्पॅनिश गव्हर्नर एस्तेबान मिरो याने फर्मान काढून मुक्त कृष्णवर्णीय आणि मिश्रवंशीय स्त्रियांना केस फडक्याखाली झाकायला लावले. त्यांच्या सजवलेल्या केसांमुळे त्या गोऱ्या स्त्रियांच्या बरोबरीने उठून दिसत, हे त्याला खुपत होते. दक्षिण आफ्रिकेत १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने प्रत्येक माणसावर वंशाचा शिक्का मारला, आणि शंका असेल तिथे केसांत पेन्सिल खोचून पाहिली जाई. पेन्सिल खाली पडली तर गोरा, अडकून राहिली तर नाही. सँड्रा लेंग ही गोऱ्या आईबापांच्या पोटी १९५५ मध्ये जन्मलेली मुलगी. तिच्या सावळ्या रंगामुळे आणि कुरळ्या केसांमुळे १९६६ मध्ये तिला गोऱ्यांच्या शाळेतून बाहेर काढले आणि पुढे तिचा वंशही सरकारी कागदावर बदलला. तो कायदा १९९१ मध्ये रद्द झाला, पण २०१६ मध्ये प्रिटोरियातल्या मुलींच्या एका नामांकित शाळेत विद्यार्थिनींना आपल्या नैसर्गिक केसांसाठी निदर्शने करावी लागली. ज्या गोष्टीवरून माणसाची शाळा, वस्ती आणि लग्न ठरत होते, ती गोष्ट केवळ नटण्यामुरडण्याची आहे असे म्हणता येत नाही.

जाण खंडित होण्याची सुरुवातही या इतिहासात आहे. अटलांटिकपार नेलेल्या गुलामांबरोबर त्यांचे कंगवे, त्यांची तेले आणि केस विंचरायला लागणारा वेळ यांतले काहीच गेले नाही. मुक्तीनंतरच्या पिढ्यांपुढे सरळ केस हाच नोकरीचा आणि प्रतिष्ठेचा परवाना होता. कृष्णवर्णीय उद्योजिका मॅडम सी. जे. वॉकर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी टाळूच्या औषधांतून मोठा उद्योग उभा केला, हजारो स्त्रियांना कामाला लावले. पण त्याच काळात तापवलेला लोखंडी कंगवाही घरोघर पोचला, आणि पुढे केस सरळ करणारी रसायने आली, ज्यांना रिलॅक्सर म्हणतात. म्हणजे मिश्र कुटुंबातल्या आईने वडिलांकडच्या आजीला विचारले तरी त्या आजीला पुष्कळदा नैसर्गिक केसांची निगा नव्हे, ते सरळ करण्याची कला येत असते. साठच्या दशकातल्या आफ्रो केशभूषेने आणि नंतर या शतकातल्या नैसर्गिक केसांच्या चळवळीने जे परत मिळवले ते बरेचसे नव्याने शिकून, एकमेकींना दाखवून. तेव्हा ही कला रक्तात येते हा समज दोन्ही बाजूंनी चुकीचा आहे. ती कृष्णवर्णीय आयांनाही शिकावी लागली, आणि गोऱ्या वा भारतीय आईला ती शिकता येते.

"एवढ्या खटाटोपापेक्षा केस सरळ करून टाकावेत" असे म्हणणारेही आहेत, आणि दर आठवड्याचे तीन तास ज्या आईला खरोखरच काढता येत नाहीत तिच्या अडचणीला मी कमी लेखत नाही. पण ही सोय स्वस्त नाही. जुन्या धाटणीच्या रिलॅक्सरमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड असते, म्हणजे साबण करायला वापरतात तो कॉस्टिक सोडा; तो केसांतले बंध तोडतो आणि टाळूला लागला तर भाजतो. मुलांसाठी म्हणून विकले जाणारे सौम्य प्रकारही तीव्र अल्कलीच असतात. २०२२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी ३३,४९७ स्त्रियांचा सुमारे ११ वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. केस सरळ करणारी उत्पादने कधीच न वापरणाऱ्यांत वयाच्या सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचे प्रमाण १.६४ टक्के, तर वर्षातून चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के असा त्यांचा अंदाज होता. हा परस्परसंबंध आहे, कार्यकारणभावाचा पुरावा नव्हे, आणि त्या स्त्रिया प्रौढ होत्या, हे लक्षात ठेवलेच पाहिजे. तरीही ज्या सवयीची सुरुवात सहाव्या-सातव्या वर्षी करून द्यायची तिच्याबाबत एवढी शंका मला पुरेशी वाटते. मोठी झाल्यावर मुलगी केस सरळ करायचे ठरवील तर तो तिचा अधिकार आहे. तिच्या वतीने तो निर्णय तिच्या लहानपणीच घेऊ नये.

कापून टाकणे हा दुसरा सोपा मार्ग. मार्च २०२१ मध्ये मिशिगनमधल्या एका प्राथमिक शाळेतल्या सात वर्षांच्या मिश्रवंशीय मुलीचे केस एका सहाध्यायाने बसमध्ये एका बाजूने कापले. वडिलांनी तिला केशकर्तनालयात नेऊन ते नीट करून आणले. दोनच दिवसांनी शाळेतल्या एका कर्मचारी बाईने पालकांना न विचारता दुसरी बाजू कापून "सारखी" केली. वडिलांनी दहा लाख डॉलरचा दावा लावला. शाळेच्या वतीने झालेल्या चौकशीत नियमभंग झाल्याचे ठरले, वांशिक आकस मात्र आढळला नाही. मला या प्रकरणातली हीच गोष्ट सर्वांत बोलकी वाटते. आकस नव्हता असे धरून चालू. तरीही, असे केस म्हणजे पसारा आणि तो कुणीही आवरावा, ही समजूत त्या कात्रीमागे होती, आणि चांगल्या हेतूने ती समजूत निरुपद्रवी होत नाही. कायद्याने या समजुतीला हळूहळू आळा घालायला सुरुवात केली आहे. कॅलिफोर्नियाने जुलै २०१९ मध्ये क्राउन कायदा करून केसांच्या पोतावरून आणि वेण्या-जटांवरून शाळेत वा नोकरीत भेदभाव करायला बंदी घातली. नंतर अनेक राज्यांनी तसेच केले, पण देशपातळीवरचे विधेयक २०२२ मध्ये प्रतिनिधीगृहात मंजूर होऊनही सिनेटमध्ये अडकले. ब्रिटनमध्ये समता आणि मानवी हक्क आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये शाळांसाठी सूचना काढल्या. कायदा हे पुरेसे उत्तर नाही, कारण तो फक्त काय करू नये ते सांगतो. पण गणवेशाच्या नियमात "नीटनेटके केस" असे लिहिताना कुणाचे केस डोळ्यापुढे होते, हा प्रश्न विचारायला त्याने शाळांना भाग पाडले.

सर्वांत मनापासून घेतला जाणारा आक्षेप प्रेमाचा आहे. मुलावर जीव असला की पुरे, रंग-वंश बघायचाच कशाला, असे अनेक भले लोक म्हणतात. दत्तकविधानाच्या धोरणात हा वाद पन्नास वर्षे चालला आहे. अमेरिकेत कृष्णवर्णीय समाजसेवकांच्या राष्ट्रीय संघटनेने १९७२ मध्ये कृष्णवर्णीय मुले गोऱ्या घरांत देण्याला कडाडून विरोध केला. १९९४ आणि १९९६ च्या कायद्यांनी उलट, केवळ वंशाच्या कारणाने मुलाला ताटकळत ठेवायला बंदी घातली. इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्याने दत्तक देताना मुलाच्या वंशाचा आणि संस्कृतीचा खास विचार करण्याची सक्ती काढून टाकली. मुलाला घर लवकर मिळावे हा हेतू मी योग्यच मानतो. पण वंशाचा विचार घर शोधताना करायचा नाही, याचा अर्थ घर मिळाल्यावरही करायचा नाही असा होत नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये आलेल्या कृष्णवर्णीय अमेरिकन सैनिकांपासून गोऱ्या ब्रिटिश स्त्रियांना सुमारे २,००० मुले झाली. इतिहासकार लूसी ब्लंड यांनी त्यांच्या आठवणी गोळा केल्या आहेत. त्यांतली कितीतरी बालगृहांत वाढली, गोऱ्या गावांत, जिथे आपल्यासारखे दुसरे माणूस दिसत नव्हते. अशा मुलाला माया मिळाली तरी कंगवा कसा धरायचा ते त्या मायेतून कळत नाही. उलट, ज्याचे प्रेम आहे त्याने शिकलेच पाहिजे. जे आईबाप मुलाच्या दुधाची, दम्याची, चष्म्याची माहिती धडपडून मिळवतात त्यांनी केसांची मिळवू नये, याला काही कारण नाही.

मुलाला वेगळेपणाची जाणीव करून दिल्याने त्याचे मन दुखावेल, ही भीतीही मला पटत नाही. ती जाणीव मुलाला घराबाहेर आधीच झालेली असते. न विचारता केसांत हात घालणाऱ्या अनोळखी लोकांनी ती करून दिलेली असते. घरात ठरायचे ते एवढेच की, त्या वेगळेपणाला कुठला सूर जोडला जातो. दर रविवारी "बाई गं, हे केस की काय" असा सुस्कारा ऐकणारे मूल तो सूरच शिकते. मे २००९ मध्ये व्हाइट हाउसमध्ये काढलेल्या एका छायाचित्रात मिश्रवंशीय राष्ट्राध्यक्ष ओबामा कमरेत वाकलेले आहेत आणि पाच वर्षांचा एक कृष्णवर्णीय मुलगा त्यांच्या डोक्याला हात लावतो आहे. माझे केस तुमच्यासारखे आहेत का, असे त्याने विचारले होते. पीट सूझा यांनी काढलेले ते छायाचित्र तिथल्या भिंतीवर वर्षानुवर्षे राहिले, बाकीची बदलत गेली तरी. २०१० मध्ये "सेसमी स्ट्रीट"वर एका छोट्या कृष्णवर्णीय बाहुलीने आपल्या केसांच्या कौतुकाचे गाणे म्हटले आणि ते जगभर पसरले. ते लिहिणारे जोई मॅझारिनो गोरे होते. इथिओपियातून दत्तक घेतलेली आपली लेक केसांवरून नाराज असते हे पाहून त्यांनी ते लिहिले. ज्याचे केस तसे नाहीत त्या बापाला हे करता आले.

संस्थांकडे मात्र अजून बरेच येणे बाकी आहे. कुणाही प्रशिक्षित केशकर्तनकाराला कुरळे केस हाताळता यावेत, ही मागणी इतकी साधी आहे की ती आजवर मान्य नव्हती हेच नवल. ब्रिटनमध्ये केशकर्तनाच्या राष्ट्रीय व्यवसायमानकांत आफ्रिकी आणि कुरळ्या केसांचे काम सर्वांसाठी आवश्यक झाले ते २०२१ मध्ये. न्यूयॉर्क राज्याने अभ्यासक्रमात ते घालण्याचा कायदा २०२३ मध्ये केला. त्याआधी प्रमाणपत्र मिळवलेली पिढी आज खुर्चीमागे उभी आहे, आणि "आम्ही असे केस करत नाही" हे उत्तर मूल आरशात बघत असताना ऐकते. ही उणीव बाजाराने भरून काढली आहे असे म्हणावे तर बाजाराने बाटल्या दिल्या, हात दिला नाही. घरात बारा बाटल्या जमतात आणि गुंता तसाच राहतो. पाणी, एक चांगले घट्ट कंडिशनर, एक तेल, एक रुंद कंगवा आणि वेळ, एवढ्यावर या मुलांचे केस निरोगी राहतात. उरलेले पैसे एखाद्या जाणकार वेणी घालणाऱ्या बाईकडे दोन वेळा बसून शिकण्यात घालवावेत.

लंडन, टोरांटो, न्यू जर्सी इथल्या मराठी घरांतही आता अशी नातवंडे आहेत, आणि ती सुट्टीत पुण्याला, साताऱ्याला येतात. आपल्याला हे केस अगदीच परके आहेत असेही नाही. गोव्याच्या शेजारी हल्याळ-येल्लापूरच्या रानात कोंकणी बोलणारे सिद्दी शतकानुशतके राहतात आणि त्यांच्या बायकांच्या हातात ही जाण आहे. आपण ती कधी विचारली नाही. नातीचे जावळ काढले म्हणजे केस सरळ आणि दाट येतील, ही समजूत सोडून द्या. वस्तऱ्याने त्वचेखालचे मूळ बदलत नाही. "हिचे केस जरा नीट करा गं" हे वाक्य तिच्यासमोर उच्चारू नका. ती आली की बारीक दातांची फणी कपाटात ठेवा, एका बाटलीत पाणी भरून घ्या, तिच्या आईने आणलेला रुंद कंगवा मागून घ्या आणि ती कसे करते ते एकदा शेजारी बसून बघा. मग केस ओले करा आणि टोकापासून सुरुवात करा.